डाव्या हाताला चालेल असं यंत्र

आमच्या गल्लीत कार्डकाकूंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. वाढदिवसाची कार्डं, भेटवस्तूंना बांधायच्या चिठ्ठ्या, जाळीदार कडांची पाकिटं, कागदाची फुलं, असं सगळं त्या घरी बसून करत आल्या, आणि तेही नुसत्या कात्रीने. त्यांच्या हातात कात्री फिरायची नाही, कागद फिरायचा. कात्री जागच्या जागी उघडमीट करायची आणि कागद तिच्यापुढे वळत राहायचा. "कागदाला वाटलं पाहिजे की तो आपणहून वळतोय," असं त्या म्हणत. गल्लीतली पोरं त्यांच्या दाराशी तोंड उघडं टाकून उभी राहायची आणि त्यांच्या आयांना शोधत यावं लागायचं.

काकूंचे यजमान छापखान्यात मशीनमन होते. म्हणून ते छापेकाका. कामाला चोख आणि तोंडाने फटकळ. काकूंच्या प्रत्येक कार्डात त्यांना खोट सापडायची. "ही कड बघ. उंदराने कुरतडल्यासारखी दिसते," असं म्हणून ते कार्ड उजेडाला धरत, आणि काकू "मग उंदरालाच आणा कामाला" असं म्हणून ते हिसकावून घेत. असं त्यांचं बरं चाललं होतं.

मग काकांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. बोलणं जड झालं, पण हळूहळू परत आलं. काठीच्या आधाराने घरातल्या घरात चालता येऊ लागलं. उजवा हात मात्र आलाच नाही. तो मांडीवर पडून असायचा, पाहुण्याने विसरलेल्या पिशवीसारखा. टेबलापलीकडे, खिडकीला पाठ लावून काकांची खुर्ची ठेवली होती. तिच्यात ते सकाळी बसले की जेवायला हाक मारेपर्यंत उठत नसत. घराबाहेर तर नाहीच. काकूंनी कार्ड समोर धरलं की म्हणायचे, "छान आहे."

"वन्सं, हे 'छान' म्हणाले ना की मला भीतीच वाटते," काकू आपल्या नणंदेला म्हणाल्या. "दोन बाजू उलट्या चिकटवून दाखवल्या परवा. तरी छान!"

नणंदबाई दोन गल्ल्या पलीकडे राहतात. भावाहून लहान, पण आवाजाने थोरल्या. "दादा आणि कौतुक? डॉक्टरांना सांगितलंत का?" त्या म्हणाल्या. हसल्या दोघी, पण काकूंचं हसू लवकर संपलं.

त्यातच काकूंच्या उजव्या अंगठ्याने दगा दिला. बुडाशी सूज, आणि कात्री मिटली की कोपरापर्यंत कळ. डॉक्टरांनी अंगठा दाबून पाहिला आणि कात्री बंद म्हणून सांगितलं.

"किती दिवस?" काकूंनी विचारलं.

"आजवर कापलंत ना, तेवढं पुरे झालं," डॉक्टर म्हणाले.

कागद कापायची यंत्रं मिळतात हे काकूंना ठाऊक होतं. लेकीने फोनवर लगेच सांगून टाकलं, "आई, विजेवरचं घे. संगणकावर चित्र द्यायचं, बटण दाबायचं, तू चहा पिऊन येईपर्यंत कापून तयार."

"बटण काय गं, मांजरसुद्धा दाबेल," काकू म्हणाल्या. "मला हाताने फिरवायचं हवंय."

"अंगठा दुखतोय म्हणून यंत्र घेतेस आणि पुन्हा हाताचंच?"

काकूंनी फोन ठेवला. लेकीला सांगावं असं त्यांना वाटलं नाही, पण नणंदेला सांगितलं. त्यांना स्वतः फिरवता येईल असं यंत्र नको होतं. काकांना फिरवता येईल असं हवं होतं. डाव्या हाताने, खुर्चीत बसून. ज्या माणसाने जन्मभर यंत्र चालवलं, त्याला पुन्हा एखादं यंत्र मिळालं तर तो निदान भांडेल तरी, असा त्यांचा हिशेब होता.

"त्याला विचारलंत?"

"विचारलं तर नाही म्हणतील."

"मग?"

"मग विचारायचंच नाही."

दोघी बाजारातल्या मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात गेल्या. दुकानाच्या मागच्या भागात हस्तकलेच्या सामानाची खोली आहे. दुकानातल्या बाई मोठ्या हौसेने यंत्रं दाखवू लागल्या. यंत्र म्हणजे तसं साधंच. दोन पोलादी रूळ एकावर एक, बाजूला फिरवायचा दांडा. प्लॅस्टिकची जाड पाटी घ्यायची, तिच्यावर कागद, कागदावर धारदार कडेचा साचा पालथा घालायचा, वर दुसरी पाटी. हा थर रुळांच्या तोंडाशी द्यायचा आणि दांडा फिरवायचा. पलीकडून थर बाहेर येतो, आणि साच्याचं फूल किंवा पान किंवा जाळी कागदातून सुटी होते. साच्याला हे लोक डाय म्हणतात.

तीन यंत्रं होती. एक लहान, मिटून पेटी होणारं, टेबलाला रबराच्या चकतीने चिकटून बसणारं. त्यात हाताच्या पंज्याएवढाच कागद जायचा. दुसरं मधलं, वहीएवढ्या कागदाचं. तिसरं मोठं, अख्खं पान घेणारं आणि उचलायला दोन माणसं मागणारं.

काकूंनी खुर्ची ओढली, यंत्रासमोर बसल्या आणि आपला उजवा हात पाठीमागे नेऊन पदराखाली दडवला. मग डाव्या हाताने दांडा धरायला गेल्या. दांडा यंत्राच्या उजव्या बाजूला. डावा हात यंत्रावरून आडवा न्यावा लागला, कोपर रुळांवर आपटलं, अंग वाकडं झालं आणि पाटी जमिनीवर पडली.

"अगं बाई," दुकानातल्या बाई पुढे झाल्या. त्यांची समजूत वेगळीच झाली होती. आवाज चढवून, एकेक शब्द सुटा करून त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही, सावकाश, करा. मी, पाटी, धरते."

"त्यांना ऐकू येतं," नणंदबाई म्हणाल्या.

"हो का? मला वाटलं, हाताचं आहे तर..."

काकूंचं लक्ष यंत्रातच होतं. मधल्या यंत्रापुढे बसून तीच कसरत, मोठ्यापुढे बसून तीच. तिन्ही यंत्रांचा दांडा उजवीकडेच. "डावीकडे दांडा असलेलं नाही का हो?" त्यांनी विचारलं. बाईंनी कंपनीला फोन लावून विचारलं. नव्हतं.

नणंदबाई कानाशी वाकल्या. "वहिनी, हात काढा आता बाहेर. त्या तुम्हाला सवलत देतील नाहीतर."

काकू गंभीरच राहिल्या. "वन्सं, डाव्या हाताच्या माणसाने जगात करायचं तरी काय?"

दुकानातल्या बाईंनाच शेवटी दया आली. त्या म्हणाल्या, दाखवायला ठेवलेली दोन यंत्रं घरी न्या, चार दिवस वापरून बघा आणि मग ठरवा. काकूंनी लहान आणि मोठं घेतलं. लहान हलकं म्हणून, आणि मोठ्याचा दांडा लांब म्हणून. मोठं यंत्र रिक्षातून उतरवून घरात नेईपर्यंत नणंदबाईंनी ते बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

घरी टेबलावर काकूंनी मोठं यंत्र मांडलं. अर्थातच आपल्यासमोर, दांडा आपल्या उजव्या हाताला. टेबलापलीकडे काका खुर्चीत होते. त्यांनी यंत्राकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"खेळणं आहे," ते म्हणाले.

"हो, खेळणंच आहे," काकू म्हणाल्या.

फुलवाल्याच्या दुकानातून गुच्छांना बांधायच्या जाळीदार चिठ्ठ्यांची मागणी आली होती. काकूंनी जाळीचा साचा ठेवला, थर रचला आणि उजव्या हाताच्या तळव्याने, अंगठा वाचवत, दांडा फिरवला. कडा सुरेख कापल्या गेल्या, पण मधली नक्षी कागदात तशीच अडकून राहिली. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी त्यांनी विचार केला की दाब कमी पडतो आहे, तर थर जाड करू. म्हणून त्यांनी एक जाड पुठ्ठा खाली सरकवला आणि जोर लावला. थर निम्मा आत गेला, काहीतरी कडकन वाजलं आणि यंत्र अडलं. पुढे जाईना, मागे येईना. काकूंनी अंगठा विसरून दांड्याला हिसका दिला आणि "आई गं" म्हणून हात पोटाशी धरला.

"पुढे नको!" काका म्हणाले. कितीतरी दिवसांत एवढा मोठा आवाज त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. "मागे. मागे घे."

"येत नाही मागे."

काका पुढे वाकले. त्यांचा डावा हात टेबलावर आला, आणि काकूंच्या बाजूने जो दांडा उजवीकडे होता, तो त्यांच्या बाजूने त्यांच्या डाव्या हाताशीच होता. त्यांनी दांड्याची मूठ धरली, एकदा जराशी पुढे चेपली आणि मग संथपणे उलटी फिरवली. थर काकूंच्या पुढ्यात येऊन पडला.

दुकानात एवढी कसरत करताना टेबलाला दुसरी बाजूही असते हे काकूंच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिथल्या खुर्चीत त्या काकांसारख्या बसून पाहत होत्या, पण काका ज्या बाजूला बसतात त्या बाजूने नव्हे.

"पुठ्ठा घालतात का?" काका चिडून बोलत होते. "सगळीकडे दाब वाढवून काय होणार? कडा कापल्यात ना? दाब फक्त मध्ये हवाय. पातळ कागद घे. पतंगाचा. मधल्या नक्षीएवढा फाड आणि साच्याच्या मागे ठेव. एकच."

काकूंनी तसं केलं. थर रुळांच्या तोंडाशी दिला. दांडा कुणी फिरवायचा हे कुणीच बोललं नाही. काकांनी फिरवला. थर त्यांच्या बाजूला बाहेर आला, त्यांनी डाव्या हाताने वरची पाटी उचलली, साचा उलटा केला, आणि जाळी सबंध सुटून साच्यात बसलेली दिसली.

"छपाईत हेच करायचो," ते म्हणाले. "अक्षर उमटत नसेल तर सगळं यंत्र नाही आवळायचं. त्या अक्षराखाली कागद लावायचा." मग जाळी उजेडाला धरून म्हणाले, "एक कोपरा राहिलाय. तुझा कागद तिरका बसला."

काकूंनी जाळी त्यांच्या हातातून हिसकावून घेतली. त्या म्हणाल्या, "तुमचा हात हलला."

तिसऱ्या दिवसापर्यंत फुलवाल्याच्या चिठ्ठ्या संपत आल्या. संध्याकाळी नणंदबाई आल्या. समोरासमोर बसलेलं जोडपं, मधे यंत्र, एक थर सरकवतेय, दुसरा दांडा फिरवतोय. त्यांना एवढा आनंद झाला की तोंडाला लगाम राहिला नाही.

"वा! म्हणजे वहिनी, दुकानात उजवा हात पाठीमागे बांधून केलेली सर्कस फुकट नाही गेली. त्या बाई तर तुम्हाला लुळीच समजल्या होत्या. दादा, तुला चालवता यावं म्हणून काय काय सोंगं केली माहितीये का यांनी?"

काकांचा हात थांबला. थर रुळांत अर्धाच राहिला.

"माझ्यासाठी आणलंय हे?"

काकूंनी हातातली पाटी खाली ठेवली.

"मला गुंतवून ठेवायला," काका म्हणाले. त्यांनी मूठ सोडली, हात मांडीवर दुसऱ्या हाताशेजारी ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

नणंदबाई स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच्या तोंडावर चापट मारून घेऊ लागल्या. "जीभ आहे का फावडं माझी!" काकूंनी त्यांचा हात धरला. "असू द्या वन्सं. कधीतरी कळणारच होतं."

पण दुसऱ्या दिवशीही काका टेबलाकडे वळले नाहीत. काकूंनी उरलेल्या चिठ्ठ्या एकटीने करायला घेतल्या. थर सरकवायचा, उठायचं, टेबलाला वळसा घालायचा, पाटी उचलायची, परत यायचं. अंगठा सुजून टम्म झाला. तयार झालेली जाळी त्यांनी सवयीने काकांपुढे धरली.

"छान आहे," काका म्हणाले.

काकूंनी ती जाळी चुरगाळून त्यांच्या मांडीवर टाकली.

"छान नाहीये. मध्ये तीन ठिकाणी अडकलीये, आणि तुम्हाला दिसतंय ते." त्या खुर्चीत बसल्या. "हो, तुमच्यासाठीच बघत होते मी यंत्र. दुकानात सोंगही केलं. पण तुमची कीव आली असती ना, तर लेक म्हणते ते बटणाचं घेतलं असतं आणि तुम्हाला बसवून ठेवलं असतं खिडकीशी. कुठे किती दाब लागतो ते मला कळत नाही. हा माझा अंगठा बघा. हा काय मी सोंगासाठी सुजवून घेतलाय?"

काकांनी अंगठा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग मांडीवरचा चुरगाळलेला कागद डाव्या हाताने उलगडू लागले. एका हाताने ते सोपं नव्हतं. काकूंनी मदत केली नाही.

"यंत्रं दोन्ही चुकीची आणलीस," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"लहान आहे ते जोर लावला की टेबलावरून उचकटतं. आणि या मोठ्याचा दांडा खाली येताना टेबलाच्या कडेखाली जातो. प्रत्येक फेरीला खांदा उतरवावा लागतो मला. मधलं नाही का येत?"

"येतं. दुकानात आहे."

"मग ते सोडून ही दोन कशाला आणलीस?"

"मला काय माहीत तुमच्या खांद्याचं? तुम्ही होतात का बरोबर?"

काकांनी उलगडलेला कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "उद्या परत द्यायला जाणारेस ना? मी येतो."

काकूंनी "बरं" एवढंच म्हटलं आणि उठून आत गेल्या. आत जाऊन त्यांनी नणंदेला फोन केला आणि कुजबुजून सांगितलं की उद्या रिक्षा जरा मोठी बघा.

दुसऱ्या दिवशी गल्लीने छापेकाकांना दाराबाहेर पाहिलं. आम्ही सगळे आपापल्या कामात फार गुंतलो आहोत असं दाखवत होतो. समोरच्या शिंप्याने तर शिवण यंत्रात दोरा नसताना पाय मारला. काका काठी टेकत, एकेक पायरी तपासत उतरले आणि रिक्षात बसताना रिक्षावाल्याला म्हणाले, "गचके कमी दे. सामान नाजूक आहे." सामान म्हणजे यंत्रं की आपण, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुकानातल्या बाईंनी काकूंना लहान यंत्राची पेटी उजव्या हाताला अडकवून येताना पाहिलं आणि त्या उभ्याच राहिल्या. "मावशी! हात बरा झाला?"

"यांच्या घरात एकच उजवा हात आहे," नणंदबाई म्हणाल्या. "आळीपाळीने वापरतात." मग भावाकडे बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला. पण काका हसले होते. ओठांचा एकच कोपरा वर गेला, तरी ते हसणंच होतं.

काकांनी मधलं यंत्र टेबलाच्या मधोमध ठेवायला सांगितलं. एका बाजूला आपण बसले, समोर काकूंना बसवलं. दांडा रिकामाच फिरवून त्यांनी कान लावला. नख रुळावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. बाई साचे काढू लागल्या तेव्हा म्हणाले, "फुलंबिलं नकोत. सगळ्यात बारीक जाळीचा आहे तो द्या." हाताशी पतंगाचा कागद नव्हता, तेव्हा त्यांनी खिशातून काढला. घरून घडी करून आणला होता.

काकूंनी थर दिला, काकांनी फिरवला. जाळी सुटली. पुन्हा दिला, पुन्हा फिरवला. दुकानात आलेले दोन-तीन जण बघत उभे राहिले.

"पाटी सरळ घाल. डावीकडे जातेय," काका म्हणाले.

"तुमची डावी की माझी डावी?"

"तुझी. नाही, माझी."

"आधी ठरवा आणि मग ओरडा."

"सावकाश सरकव. रूळ धरेपर्यंत सोडायची नाही."

"आणि तुम्ही मी सोडायच्या आधी ओढायची नाही."

दुकानातल्या बाई नणंदबाईंना हळूच म्हणाल्या, "यांना यंत्र पसंत पडलेलं दिसत नाही."

"अहो, बांधायला घ्या," नणंदबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि आवाज मात्र नेहमीसारखाच दणदणीत होता.

काकांनी शेवटची जाळी दिव्याखाली धरली. वळवून वळवून पाहिली. काकू वाट बघत होत्या. कार्डं करायला लागल्यापासून कधी बघितली नसेल एवढी वाट त्या बघत होत्या.

"रूळ सरळ आहेत," काका म्हणाले. "दांडा बरा आहे. घेऊ या. बाकी शिकेल हळूहळू."

"यंत्र शिकेल?"

"तू."

काकूंनी पैसे दिले. पाट्यांची एक जोडी जास्तीची घ्यायला काकांनीच सांगितलं, कारण आपली बायको पाट्या लवकर वाकवणार, असं त्यांचं मत होतं. यंत्र नणंदबाईंनी उचललं. पाट्यांची पिशवी काकांनी मागितली. डाव्या हातात काठी होती, म्हणून पिशवीचा पट्टा काकूंनी त्यांच्या गळ्यात अडकवला.

"जड होतंय का?" दाराशी आल्यावर काकूंनी विचारलं.

"मधे उभी राहू नकोस," काका म्हणाले. "चाल पुढे."